हत्ती-प्याद्यांचे शेवट: हौशी गटाच्या सरावाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार. काम ठरवणे

आमच्या बुद्धिबळाच्या गटात शाळकरी मुलं, नोकरदार आणि दोन निवृत्त काका आहेत. काहींचं फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १४०० ते १६०० च्या दरम्यान, बाकीच्यांचं अजून लागलेलं नाही. जागा वाचनालयाची मागची खोली, वेळ रविवारी सकाळची. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळच एक रेटिंग स्पर्धा आहे, वेळ ९०+३०, म्हणजे प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंदांची भर.

सगळ्यांच्या जुन्या स्कोअरशीट (चालींची नोंद केलेले कागद) गोळा केल्या. सरावाचा वेळ बहुतेकांनी सिसिलियन आणि लंडन या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, व्हिडिओंवर घातला होता, पण बहुतेक गुण गेले होते ते पस्तिसाव्या-चाळिसाव्या चालीनंतर, आणि तेही प्रत्येकी एक हत्ती आणि थोडी प्यादी उरलेली असताना. म्हणून या कामात ओपनिंग नाही. हत्ती-प्याद्यांच्या मोजक्या स्थिती घ्यायच्या आणि घड्याळ चालू असताना, समोरचा जीव तोडून झुंजत असताना त्या खेळता आल्या पाहिजेत, एवढंच उद्दिष्ट.

अर्ध्या गुणाची किंमत सगळ्यांना समजावी म्हणून फळ्यावर हिशोब मांडला. रेटिंगमधला बदल म्हणजे के (ठरलेला गुणांक) गुणिले (मिळालेले गुण वजा अपेक्षित गुण). नव्या खेळाडूचे ३० डाव होईपर्यंत के ४०, पुढे २४०० पर्यंत मोठ्यांना २० (अठरा वर्षांखालच्यांना २३०० पर्यंत ४०च). म्हणजे हरत आलेला एक शेवट बरोबरीत सोडवला तर नव्याचे २० आणि जुन्याचे १० रेटिंग गुण वाचतात. एवढी कमाई देणारं ओपनिंग आमच्या पातळीवर तरी कुठलं नाही.

एक सकाळ स्कोअरशीट वाचण्यात गेली. ३० सेकंदांची भर असेल तर शेवटच्या चालीपर्यंत नोंद करणं नियमाने बंधनकारक आहे, तरीही वेळ कमी उरला की अक्षर बिघडतं आणि 'एफ'चा 'ई' होतो. दोन डाव पटावर परत उभेच राहिले नाहीत. तुम्ही हे करणार असाल तर डाव संपल्यावर त्याच दिवशी तो कॉम्प्युटरवर चढवून ठेवा.

८ जून. साहित्य

पुठ्ठ्याचे घडीचे पट होते, पावसाळी हवेत त्यांच्या कडा उचलल्या गेल्या. ते बाजूला ठेवून गुंडाळायचे विनाइल पट घेतले. घर ५ ते ६ सेंमी आणि राजाची उंची साधारण ९.५ सेंमी, हे स्पर्धेचं माप. घरी छोट्या पटावर सराव केला की स्पर्धेच्या मोठ्या पटावर लांबच्या तिरक्या रेषा आणि टोकाचा हत्ती नजरेतून सुटतो, म्हणून मापात तडजोड केली नाही. पट आणि प्लास्टिकचे मोहरे मिळून संचाला साधारण नऊशे रुपये पडले. घेताना ३४ मोहऱ्यांचा संच मागा. त्यात दोन वजीर जादा येतात आणि शेवटांच्या सरावात ते लागतातच.

घड्याळ हा मोठा खर्च. काट्याची जुनी घड्याळं फुकट मिळत होती, पण त्यांत दर चालीची भर नसते आणि इथे सराव त्या भरीचाच आहे. डिजिटल घड्याळ दोन-अडीच हजारांच्या आसपास, त्यामुळे वर्गणीतून दोनच घेतली. बाकीच्या पटांवर मोबाइलमधलं घड्याळ वापरलं, फोन विमान मोडवर टाकून. पहिल्या दिवशी ते केलं नव्हतं, ऐन डावात फोन वाजला आणि घड्याळाची स्क्रीनच गेली.

१५ जून. राजा आणि एक प्यादं

हत्तींचे शेवट राजा-प्याद्याच्या शेवटात उतरतात. ते ठाऊक नसेल तर हत्ती मारायचा की नाही हे ठरवताच येत नाही. म्हणून आधी हेच.

पटावर दोन स्थिती शेजारी-शेजारी मांडल्या (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग). पहिलीत पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८. दुसरीत पांढऱ्याच्या दोघांची अदलाबदल: प्यादं ई६, राजा ई५, काळा राजा ई७. पहिली स्थिती पांढरा जिंकतो, चाल कोणाचीही असो. राजा एफ६, राजा एफ८, प्यादं ई६, राजा ई८, प्यादं ई७, राजा डी७, राजा एफ७ आणि वजीर झालाच. दुसरी बरोबरीत सुटते, पण काळ्याने मागे जाताना सरळ ई८ वरच गेलं पाहिजे. मग राजा डी६ ला राजा डी८, प्यादं ई७ शह, राजा ई८ आणि आता पांढऱ्याने प्यादं राखायला राजा ई६ केला की स्टेलमेट, म्हणजे काळ्याला शह नाही पण चालही नाही, डाव बरोबरीत. ई८ ऐवजी डी८ किंवा एफ८ केलं तर पांढरा राजा त्याच पट्टीत समोर येतो आणि डाव गेला.

पहिल्या फेरीत निम्म्या लोकांनी राजा तिरका मागे नेला. कारण विचारल्यावर उत्तर आलं, 'प्याद्याच्या वाटेतून बाजूला नको म्हणून जवळच्या घरात गेलो.' एफ८ सुद्धा जवळच वाटतं. 'विरोध' (दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर) हा शब्द सांगून हे सुटत नाही. प्रत्येकाने आधी काळ्याकडून हरून पाहिलं, मग वाचवून पाहिलं, तेव्हा ते बसलं.

शेवटी हत्ती मारण्याआधीची तपासणी ठरली. हत्ती पटावरून उचलले असं डोळ्यांसमोर आणायचं आणि पांढरा राजा प्याद्याच्या पुढे आहे की मागे, चाल कोणाची, प्यादं टोकाच्या ए किंवा एच पट्टीतलं आहे का, हे बघायचं. टोकाचं असेल आणि बचावाचा राजा त्या कोपऱ्यात पोहोचत असेल तर जिंकणं नाहीच. या तपासणीला ९०+३० मध्ये दोन मिनिटं खुशाल द्यावीत.

२२ जून. लुसेना, पहिला प्रयत्न फसला

लुसेना हे हत्ती-प्याद्याच्या शेवटातल्या एका जिंकायच्या स्थितीचं नाव. स्थिती: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. पांढऱ्याची चाल.

कार्ड छापली होती. पुढे आकृती, मागे उत्तर: हत्ती एफ४, हत्ती एच१, हत्ती ई४ शह, राजा डी७, राजा एफ७, हत्ती एफ१ शह, राजा जी६, हत्ती जी१ शह, राजा एफ६, हत्ती एफ१ शह, राजा जी५, हत्ती जी१ शह आणि हत्ती जी४. शह अडला, प्याद्याचा वजीर होणार. हत्ती आधीच चौथ्या रांगेत आणून ठेवायचा तो या शेवटच्या आडकाठीसाठीच.

घरून सगळे पाठ करून आले. मग बचाव करणाऱ्याने राजा एफ६ नंतर शह द्यायचं सोडून राजा डी६ खेळलं आणि पांढऱ्याच्या बाजूचे बहुतेक जण तिथेच अडकले, कारण ही चाल कार्डावर नव्हती. राजा भलतीकडे नेऊन काही जण परत शहांच्या फेऱ्यात सापडले. खरं तर इथे हत्ती ई६ शह पुरतो: एफ६ वरचा राजा त्याला राखतो. राजा डी७ ला हत्ती ई५, आणि मग जी५ वर आडकाठी. म्हणजे तीच युक्ती, एक रांग वर.

दुसरी अडचण पहिल्याच चालीची. हत्ती ई१ शह हा हाताला आपोआप सुचतो. राजा डी७, मग राजा एफ७, आणि शह सुरू झाले की पहिल्या रांगेतला हत्ती मध्ये येऊ शकत नाही. डाव हरत नाही, पण फिरून हत्ती वर आणावा लागतो, आणि तोवर घड्याळात तीस सेकंदच उरलेले असतात.

झेरॉक्सचे पैसे किरकोळ होते, आठवडा मात्र वाया गेला. मागे उत्तर असलेली कार्ड बाद. आता कार्डावर फक्त स्थिती, चाल कोणाची आणि निकाल काय लागायला हवा एवढंच.

२९ जून. लुसेना, दुसरा प्रयत्न

घरच्या सरावासाठी लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर स्थिती मांडून कॉम्प्युटरशी खेळायला सांगितलं होतं. त्याचाही उपयोग झाला नाही. वरच्या पातळीवर त्याला मात दिसली की ती चार चाली लांबवण्यासाठी तो हत्ती फुकट देतो. माणूस असं कधीच करत नाही, त्यामुळे खरी झुंज वाट्याला येत नाही. खालच्या पातळीवर तो मध्येच वेडगळ चाल करतो आणि जिंकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं.

उपाय म्हणून जोड्या लावल्या, प्रत्येकाला ५ मिनिटं आणि चालीला १० सेकंद. बचाव करणाऱ्याला एकच सूचना: देता येतील तेवढे शह द्या, मध्येच एकदा काहीतरी आडवं खेळा. डाव संपला की बाजू बदलायच्या. बचाव करणारा शेजारी बसून हसतोय, घड्याळ उतरतंय, हे वातावरण मिळाल्यावर खरं काय येतं ते कळलं. निकालाबद्दल वाद झाला तर लिचेसच्या टेबलबेसवर तपासायचं. पटावर दोन्ही राजे धरून सात मोहरे असेपर्यंत त्यात अचूक निकाल मिळतो आणि तो फुकट आहे. डाव चालू असताना मात्र टेबलबेस कोणीही उघडायचा नाही.

६ जुलै. फिलिडोर

पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती ए७. काळा राजा ई८, हत्ती बी६. ही बचावाची स्थिती, काळ्याला बरोबरी हवी.

या गटाला सगळ्यात जास्त गुण हीच स्थिती मिळवून देईल असं वाटतं, कारण एक प्यादं कमी असलेला हत्तींचा शेवट हौशी डावांत सतत येतो. काळ्याचं काम दोन टप्प्यांचं. प्यादं पाचव्या रांगेत आहे तोवर हत्ती सहाव्या रांगेत आडवा फिरवत ठेवायचा, म्हणजे पांढरा राजा पुढे येत नाही. प्यादं ई६ वर आलं की त्याच क्षणी हत्ती थेट बी१ ला. आता राजा डी६ ला डी१ वरून शह, ई५ ला ई१ वरून, आणि लपायला प्याद्यापुढचं घर उरलेलं नसतं, कारण तिथे प्यादंच येऊन बसलेलं असतं.

चुका दोन्ही टोकांच्या झाल्या. काहींनी फार लवकर, प्यादं ई५ वर असतानाच हत्ती मागून शह द्यायला नेला. राजा सहाव्या रांगेत घुसतो आणि बचाव कठीण होऊन बसतो. काहींनी घाबरून हत्ती आठव्या रांगेत, राजाच्या शेजारी आणून ठेवला. असा निमूट बचाव ए, बी, जी, एच पट्टीतल्या प्याद्यांविरुद्ध चालतो, पण मधल्या आणि सी-एफ पट्टीतल्या प्याद्यांपुढे टिकत नाही. एका काकांना हे पटत नव्हतं. त्यांनी प्यादं आधी जी पट्टीत आणि मग ई पट्टीत ठेवून निमूट बचाव खेळून पाहिला, एक वाचला आणि एक गेला. त्यानंतर प्रश्न आला नाही.

'प्यादं हललं की हत्ती हलव' ही सूचना पोरांनी स्वतःच बनवली. तीच कार्डावर लिहिली.

१३ जुलै. घड्याळ, नोंद, बढती

आज फक्त हाताळणीचा सराव. शेवटात गुण जातात त्यातले बरेच इथे जातात.

प्यादं आठव्या रांगेत सरकवून, त्या जागी वजीर न ठेवताच घड्याळ दाबलं तर ती बेकायदा चाल धरतात. तिथे वजीरच ठेवावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात. अशी दुसरी बेकायदा चाल झाली की डाव जातो. जवळ वजीर नसेल तर उलटा हत्ती ठेवू नका. फिडेच्या स्पर्धेत पंच तो हत्तीच धरतात, तोंडाने 'वजीर' म्हटलं तरी. घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागण्याचा हक्क खेळाडूला आहे. हे ऐकून ठेवून भागत नाही, प्रत्येकाने ते दोनदा करून दाखवलं: घड्याळ थांबव, हात वर कर, वजीर घे, ठेव, मग घड्याळ.

बरोबरी देऊ करण्याचा क्रम: पटावर चाल करा, बोला, मग घड्याळ दाबा. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर चाल पटावर न करता आधी स्कोअरशीटवर लिहायची आणि पंचांना सांगायचं. फिलिडोरच्या बचावात हे हमखास लागतं. नेहमी आधी चाल करायची, मग लिहायचं, त्यात एवढाच अपवाद, त्यामुळे हात अडखळतो. पन्नास चालींच्या दाव्यालाही हीच पद्धत.

२० जुलै. वांचुरा

पांढरा हत्ती ए८, प्यादं ए६. काळा राजा जी७, हत्ती एफ६. योसेफ वांचुराची १९२४ मधली स्थिती, इथेही काळ्याला बरोबरीच हवी. पांढरा हत्ती स्वतःच्याच प्याद्यापुढे कोंडलेला आहे आणि काळा हत्ती बाजूने त्या प्याद्यावर नजर ठेवून आहे. पांढरा राजा प्यादं राखायला बी५ वर आला की एफ५ वरून शह. प्यादं ए७ वर गेलं की लगेच हत्ती ए६, म्हणजे मागून.

यातला नाजूक भाग काळ्या राजाचा. प्यादं ए७ वर असताना तो जी७ आणि एच७ सोडून कुठेही जायचा नाही. एफ७ वर गेला तर पांढरा हत्ती एच८ खेळतो. ए७ मारलं की हत्ती एच७ शह आणि सातव्या रांगेत आडवा हत्ती पडला. न मारावं तर प्याद्याचा वजीर. हे पटावर दाखवल्यावर खोलीत एकदम शांतता झाली, इतकं ते सुंदर आहे.

सगळ्यांना पहिल्याच दिवशी जमलं नाही. १५०० च्या खालच्यांनी फिलिडोर पक्का झाल्याशिवाय याला हात लावू नये असं वाटतं.

२७ जुलै. राजा पुढे

सराव-स्थितींबाहेर, दोन्हीकडे प्यादी शिल्लक असलेले शेवट घेतले. नमुना एकच: कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर, न्यूयॉर्क १९२४. पस्तिसाव्या चालीला पांढऱ्याने राजा जी३ खेळला आणि सी३ चं प्यादं शहासकट मारू दिलं. राजा एच४, मग प्यादं जी६, मग एफ४ चं प्यादंही शहासकट दिलं, राजा जी५ आणि तिथून एफ६. हत्ती सातव्या रांगेत, राजा सहाव्या रांगेत, प्यादं जी६ वर. त्यापुढे दोन प्याद्यांना काही किंमत उरली नाही.

गटातल्या डावांत याच्या नेमकं उलट घडतं: एक प्यादं वाचवायला हत्ती मागे बांधला जातो आणि राजा जी१ वर बसून राहतो. म्हणून सरावाच्या डावात नियम केला की हत्तीला प्यादं राखायला मागे नेण्याआधी, तेच प्यादं सोडून हत्ती पुढे नेला तर काय मिळतं ते मोठ्याने सांगायचं.

२८ जुलै. सराव नाही, फक्त नोंद

बाटुमीत नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली. कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, टायब्रेकचा पहिला जलद डावही बरोबरीत, दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी घेतला. याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. गटातल्या मुलींनी तो डाव शेवटपर्यंत पाहिला आणि पुढच्या रविवारी तो पटावर मांडायचा हट्ट धरला आहे. मांडणारच.

३ ऑगस्ट. स्पर्धेनंतर

जमलं ते आधी. शाळेतल्या एका मुलीने प्यादं कमी असताना फिलिडोर गाठला, सहाव्या रांगेत हत्ती फिरवत ठेवला, प्यादं हललं तशी पहिल्या रांगेत गेली आणि तिसऱ्यांदा स्थिती येताना चाल लिहून पंचांना बोलावलं. दावा मान्य झाला. समोरचा तिच्यापेक्षा बराच वरच्या रेटिंगचा होता. लुसेना एकाच डावात आली आणि जिंकली गेली, मात्र अठ्ठावीस सेकंद खाऊन केलेल्या चालींवर.

फसलं ते जास्त शिकवणारं. एका नोकरदार खेळाडूने वांचुराची स्थिती हातात असताना, प्यादं ए७ वर असताना, राजा जी७ वरून एफ७ ला नेला. हत्ती एच८ आणि खेळ खलास. डावानंतर त्याने सांगितलं, 'गेल्या रविवारी राजा पुढे न्यायचा असं ठरलं होतं ना?' दोष शिकवण्याच्या क्रमाचा आहे. वांचुराच्या लगेच नंतरच्या आठवड्यात 'राजा पुढे' घेतलं आणि ताजी सूचना जुनीवर बसली. राजा कधी पुढे जातो आणि कधी जागेवर खिळून राहतो, हे दोन्ही एकाच बैठकीत समोरासमोर मांडायला हवं होतं.

दुसरं नुकसान हत्ती मारण्यात. दोन डावांत तपासणी झालीच नाही. घड्याळात दहा मिनिटं होती, पण प्रतिस्पर्ध्याने हत्ती समोर आणल्याबरोबर तो मारला गेला. सरावात नेहमी मांडलेली स्थिती असते, त्यामुळे 'आता शेवट सुरू झाला' हे कोणीतरी सांगितलेलं असतं. स्पर्धेत ते कोणी सांगत नाही.

१० ऑगस्ट. दुरुस्ती

आता स्थिती दोन-तीन चाली आधीपासून मांडतो, अजून हत्ती मारलेले नसताना, आणि ती कुठल्या प्रकारची आहे हे सांगत नाही. कार्ड मिसळलेली. लुसेना, फिलिडोर, वांचुरा आणि राजा-प्यादं यातलं काहीही निघेल. एका कार्डात हत्ती मारणं बरोबर, पुढच्यात तोच मोह घातक. पहिल्या फेरीत निकाल जूनपेक्षाही वाईट आले, कारण ओळखण्यातच वेळ जातो. वेळ वाढवून १० मिनिटं आणि चालीला १० सेकंद केली.

टोकाच्या प्याद्याच्या कार्डांवर काळ्या राजाभोवती लाल पेनाने जी७ आणि एच७ ही दोन घरं रंगवली आहेत. तीन आठवड्यांनी रंग नसलेली कार्ड आणायची.